डिसमिस पाहिजे का?

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे ग्रीस पुसून काळ्या झालेल्या चिंध्या आणि दुसरी म्हणजे किस्से! चिंध्या निदान अधूनमधून टाकून तरी देतात. किस्से कोण टाकणार? डहाणूतल्याच आगरची मी, तलासरीचा दिलीप आणि चिकूच्या वाडीवाला पराग, असे आम्ही तिघं मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला. डहाणू स्टेशनबाहेर वडापाव खायला थांबलो की कोणीतरी म्हणतंच, "ए, ते आठवतं का..." आणि तलासरीची एसटी दिलीपला न घेता निघून जाते.

*

मोटर मेकॅनिक व्हायचं हे मी ठरवलं होतं. कुठे शिकायचं ते ठरवणार होती आई. ती बाजारात मासे विकते. चार ठिकाणी बघितल्याशिवाय ती स्वतः काही घेत नाही!

पहिली संस्था खाजगी. एसी, काचेचं दार, मधोमध लाल-निळं रंगवलेलं अर्धं कापलेलं इंजिन आणि शेजारी टाय लावलेला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे हंड्रेड परसेंट प्लेसमेंट!" आईला जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. ती तिथेच विरघळली. शेवटी मीच तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि सरकारी आयटीआय दाखवायला नेलं.

तिथे शेडमध्ये चिटपाखरू नाही. एका जीपखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले. आईने हाक मारली, "अरे ए दादा, झोपलास काय? जा, तुझ्या सरांना बोलव!"

माणूस सरपटत बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत काळाकुट्ट. नळावर गेला, हात धुतले, तोंड धुतलं, खिशातला चष्मा काढून लावला आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बोला ताई. मीच सर."

आईने पदर तोंडाला लावला तो घरापर्यंत काढला नाही. दारात आल्यावर म्हणाली, "आता त्यांच्याकडेच शीक. एवढं बोलले मी त्यांना, आता नाही म्हणायला तोंड आहे का मला?"

अशी माझी ॲडमिशन!

*

दिलीपची गोष्ट वेगळी. पहिल्या दिवशी सर इंजिनाबद्दल तास-दीड तास बोलले आणि म्हणाले, "काही शंका?"

दिलीप उभा राहिला. "सर, विहिरीत कधी उतरायचं?"

सरांनी चष्मा काढला. मग हळूहळू उलगडा झाला. दिलीपच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळायची. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणून यायचा नाही. आयटीआयच्या फलकावर 'मोटर मेकॅनिक' वाचून वडील खूश. एकुलता एक मुलगा घरची मोटर सांभाळेल!

सरांनी घरी निरोप पाठवला, की हा गाडीचा कोर्स आहे, बदलून देऊ का? वडील स्वतः आले. वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेल्या चार गाड्या त्यांनी शांतपणे बघितल्या आणि म्हणाले, "राहू द्या सर. आधी ह्यांच्यावर हात बसू दे. मोटरीकडे नंतर वळेल."

*

मग टूल्स घ्यायची वेळ आली. सरांनी काय काय हवं ते तोंडी सांगितलं आणि आम्ही डहाणूतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेठ गुजराती, मराठी फर्मास बोलायचे. पाने झाले, पक्कड झाली. शेठनी दिलीपकडे बघून विचारलं, "डिसमिस पायजे का?"

दिलीपचा चेहरा पडला. "का शेठ? मी काय केलं?"

"अरे, काय केलं काय! घेऊन टाक ने. सगळे पोरं घेतात."

"नाय नाय शेठ! आत्ताच तर ॲडमिशन झालंय!"

शेठनी खणातून एक स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. "ले भाई, हा डिसमिस. गुजरातीत ह्यालाच बोलतात. तुला कोण काढणार?"

पराग दुकानाच्या पायरीवर बसून इतका हसला, की शेठनी त्याला पाणी दिलं.

*

पण परागने तरी हसू नये! आम्ही दुकानात घासाघीस करत होतो तेव्हा याने काहीच घेतलं नाही. "माझं ऑनलाइन येतंय," एवढंच. आठवड्याने पेटी आली. नारिंगी, चकचकीत, आत मखमलीत झोपलेले सॉकेट पाने. आम्हाला हात लावू देईना. स्वतःही आधी हात पुसून मग उचलायचा.

सर म्हणाले, "पराग, तो बोल्ट खोल."

एक पाना सैल, दुसरा बसेचना. तिसरा सैल. पेटी संपत आली. सरांनी एक पाना उचलून त्यावरचा आकडा वाचला. सगळी पेटी इंचाची! आणि आमच्या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरचे.

सर म्हणाले, "उत्तम आहे. अमेरिकेतून कोणी गाडी ढकलत डहाणूला आला, तर पहिला फोन तुलाच!"

*

माझी हातोडी तर घेतल्यावर चारच दिवसांत गायब. सगळ्या वर्गावर संशय घेऊन झाला. दिलीपशी मी दोन दिवस बोलले नाही. मग बाजारात गेले, तर आई माझ्याच हातोडीने बर्फ फोडत बसलेली!

"आई, ती इंजिनाच्या कामाची आहे गं!"

"मग? पापलेट काय बिनकामाचं आहे?"

*

आणि आता गेल्या महिन्यातला.

मला बघायला पाहुणे आले. मध्यस्थ माझी मावशी. इंजिन म्हटलं तर लोक पळतील, म्हणून तिने 'मुलगी कॉम्प्युटर शिकते' असं परस्पर सांगून टाकलेलं. आईने माझी टूल्सची पेटी जाळ्यांच्या ढिगाखाली लपवली. मला साडी नेसवली. मुलगा बँकेत, वडिलांची मासेमारीची बोट, ती सध्या इंजिन बिघडून किनाऱ्याला. बोलायला साधा, मला बरा वाटला, खोटं कशाला बोलू? पोहे झाले, चहा झाला, मुलाची आई हसतमुख. सगळं जमल्यातच जमा होतं.

पाहुणे गाडीत बसले. मुलाने चावी फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक, टिक.

मला आवाजावरून कळलं. माझा हात शिवशिवायला लागला. आईने तो पदराआडून घट्ट धरला. "गप. तू कॉम्प्युटरवाली आहेस."

मुलाने बॉनेट उघडलं आणि पत्रिका बघावी तसा आत बघत राहिला. मावशी म्हणाली, "मेकॅनिकला फोन करू?" ऊन चढलं. मुलाच्या आईला घाम फुटला. ती पदराने वारा घेत होती, तरी माझ्याकडे बघून हसतच होती. ते मात्र मला बघवेना.

मी हात सोडवला, जाळी उपसली, पेटी काढली. साडीचा पदर खोचला आणि मुलाला म्हणाले, "जरा सरका." बॅटरीचं टर्मिनल सैल झालं होतं. घासून साफ केलं, दहाच्या पान्याने आवळलं. "आता चावी मारा."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मुलगा माझ्या काळ्या हातांकडे बघत होता, मावशी जमिनीकडे, आई आभाळाकडे. मला वाटलं, गेलं स्थळ!

गाडी जराशी पुढे गेली आणि थांबली. काच खाली आली. मुलाच्या आईने डोकं बाहेर काढलं.

"बाय गं, तुला तर बघून झालं. आता आमची बोट बघायला कधी येतेस?"