उतरवलेला हार

अर्धापूरजवळच्या आमच्या केळीत मी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो काढला. हिवाळ्यातली सकाळ होती. खांद्यावर घड घेऊन ते बांधाकडे येत होते. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. कितीही घासा, ते निघत नाहीत. आई म्हणाली, "अगं, धुतलेला सदरा तरी घालू दे त्यांना." मी ऐकलं नाही. त्या डागांवरच तर मी बी.ए. झाले होते.

त्याआधी अण्णांचा धड असा एकही फोटो नव्हता. दहावीच्या फॉर्मसाठी त्यांनी मला नांदेडच्या एका स्टुडिओत नेलं होतं. आरशाखाली पावडरचा डबा आणि दोरीला बांधलेला कंगवा होता. माझी वेणी नीट केल्यावर अण्णांनी त्याच कंगव्याने स्वतःचेही केस विंचरले. फोटोग्राफर हसला. "बसा की काका, तुमचाबी एक काढतो."

अण्णा लाजले. "माझा कशाला? मी काय परीक्षेला बसून राहिलो का?"

पुढे मी शिक्षिका झाले, कॅमेरा घेतला, तेव्हा पहिल्यांदा ते विंचरलेले केस आठवले.

नांदेडला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आपल्या घराचा वरचा मजला मोकळा करून छोटी गॅलरी केली. पहिल्या प्रदर्शनासाठी त्यांनी आमच्यासारख्या हौशी लोकांकडून फोटो मागवले. माझा त्यांना इतका आवडला की म्हणाले, "हा भिंतीवर नको. दारासमोर स्टँडवर ठेवू. येणाऱ्याची नजर आधी इथे पडली पाहिजे." आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. माझी एकच इच्छा होती. चार माणसांनी त्या फोटोपुढे थांबावं आणि थांबलेल्या माणसांना अण्णांनी बघावं.

उद्घाटनाला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. अण्णांनी नवं धोतर नेसलं होतं. मोठ्या फोटोवर सरांनी लाल कापड टाकलं होतं, पाहुण्यांनी ते काढायचं होतं. शेजारी टेबलावर समई, सरस्वतीची लहानशी तसबीर आणि ताटात झेंडूचा हार. पाहुणे म्हणजे एक पुढारी. ते दोन तास उशिरा आले, आणि आले ते घाईतच. कापड ओढलं. समोर पिकल्या मिशांचा, फेटा बांधलेला म्हातारा. शेजारी समई तेवतेय. कुणीतरी ताट पुढे केलं. पाहुण्यांनी हार उचलला, अण्णांच्या फोटोला घातला, हात जोडले आणि डोळे मिटून मान खाली घातली.

त्यांच्या मागच्यांनीही पाकळ्या वाहिल्या. कॅमेरे चमकले. शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "कधी गेले हो वडील?"

मागच्या खुर्चीवर अण्णा चहा पीत होते.

आमच्या भागात कुणाचा मोठा फोटो दिसला की माणूस आधी हारच शोधतो. हे मला कळायला हवं होतं.

तेवढ्यात आई उठली. परक्या माणसांत कधी मान वर न करणारी माझी आई, डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांमधून पुढे गेली. तिने दोन्ही हातांनी हार उतरवला आणि सरस्वतीच्या तसबिरीला घातला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "माझं कुंकू हाय अजून, साहेब. ते काय, चहा पिऊन राहिले."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अण्णांनी कपासकटच हात वर केला. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. सरांनी सत्काराला आणलेली शाल पाहुण्यांनी अण्णांच्या अंगावर घातली, दोन मिनिटं बोलले आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून निघाले. त्यांच्यामागे गर्दीही जिना उतरली. भिंतीवरचे फोटो कुणी पाहिलेच नाहीत. माझ्या फोटोपुढे माणसं थांबली होती खरी, पण हात जोडून.

आई म्हणाली, "गुंडाळ तो. घरी न्यायचा."

सर काकुळतीला आले. "आठ दिवस तरी राहू द्या हो."

मी अण्णांकडे पाहिलं. ते चष्मा लावून फोटोजवळ गेले होते. बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "घड लई चांगला आला होता त्या साली."

स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

शेवटी आईचंच चाललं. परतीच्या एस.टी.त अण्णांनी फोटो मांडीवर घेतला. गुंडाळलेली चादर घसरली तसा शेजारचा माणूस आदराने सरकून बसला आणि मग त्याने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. "मीच हाय बाबा," अण्णा म्हणाले. "तिकीट काढलंय माझं." आई सोडून आसपासचे सगळे हसले. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. पण तेव्हा हसू आलं, ते आजही आठवतं.

फोटो मग कपाटामागे भिंतीकडे तोंड करून राहिला.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तेराव्याला चुलते म्हणाले, "एवढा झकास फोटो असताना दुसरा कशाला?" आई ऐकेना. तिने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणायला लावला. त्यात अण्णा ओळखूही येत नाहीत. बैठकीत तोच आहे, त्यालाच हार असतो.

दिवस झाल्यावर तिने कपाटामागचा फोटो स्वतः ओढून काढला, पुसला आणि स्वयंपाकघरात, ती भाकरी थापते त्याच्या समोर लावायला सांगितला. खिळा मीच ठोकला. सवयीने माझा हात परडीतल्या फुलाकडे गेला.

"त्याला न्हाई," ती पिठाच्या हातानेच मला अडवत म्हणाली. "त्याच्यावरला हार मी एकदा उतरवलाय."