मोजायचे राहिलेले तीन आकडे

शमुवेल गेल्याचं मला सोनईच्या बाजारात कळलं. भिंगारहून आलेला बांगडीवाला सहज बोलून गेला, "तुमचा तो ठोसेवाला वारला की परवा." मी "बरं" म्हणालो, वांगी घेतली आणि घरी आलो. त्याला तीन आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही...

आम्ही एका शाळेतले. मी कुस्तीकडे वळलो, तो भिंगारच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचं बघून बॉक्सिंग शिकला. पुढं मुंबईत तिकीट लावून होणाऱ्या लढती जिंकत गेला आणि चॅम्पियनचा पट्टा कमरेला बांधून परतला. आमच्या गावाला त्याचं काय कौतुक? "मातीत न उतरता कसली कुस्ती?" म्हणायचे. तो नुसता हसायचा.

महायुद्ध चालू असताना पट्टा राखायची लढत भिंगारलाच ठरली. आम्ही सोनईचे वीसेक जण हलगी घेऊन गेलो. चौथ्या फेरीत शमुवेलचा ठोसा बसला आणि समोरचा धाडकन उताणा पडला. आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती निकाली. आम्हाला दुसरं ठाऊकच नव्हतं. हलगी कडाडली. मी दोर ओलांडून आत शिरलो आणि शमुवेलला खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता, "गाढवा, खाली ठेव, मोजतोय तो." मला वाटलं, लाजतोय. पंच सातपर्यंत आला होता, तिथंच थांबला. दहा मोजेपर्यंत पडलेला उठला नाही तरच जिंकणं, हे मला नंतर समजलं. बाहेरचा माणूस आत आला म्हणून शमुवेल बाद. पट्टा गेला. पुन्हा लढतीचं बोलावणं आलं नाही. तो छावणीच्या बेकरीत कामाला लागला.

मला एका शब्दानं बोलला नाही. मीही माफी मागितली नाही. आधी लाज वाटायची, मग न मागण्याची सवय झाली.

गेल्या रविवारी त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं, मार्थावहिनींनी, चहा दिला. खुंटीवर त्याचा कोट होता, पिठाचे डाग तसेच. कोटाकडे बघत त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी हुता ना तिथं? कोन हुता वो, यांना उचलनारा? लई येळा इचारलं. हे म्हनायचे, गर्दीत दिसलं न्हाई."

मी कप खाली ठेवला. "गर्दी होती वहिनी," मी म्हणालो. "मलाही दिसलं नाही."

वहिनींना आता बारीक अक्षर दिसत नाही. हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवावं.