सोनबाची जाळी

सोनबाच्या घरी जायचं म्हणजे आधी अंगणातून हाक मारायची आणि मग तिथंच उभं राहायचं. आतून विचारणा व्हायची, "कोण हाय?" आपण नाव सांगायचं. मग दुसरा प्रश्न यायचा, "एकटाच हाय का?" जणू आपण बिबट्याला बोटाला धरून घेऊन आलोय. त्यानंतर आतली कडी, मग पिळलेली तार, मग बाहेरच्या जाळीची कडी असं करत करत दार उघडायचं, आणि तेवढ्यात आपण कशाला आलो होतो तेच विसरायला व्हायचं.

ओतूरच्या खाली, मांडवी नदीच्या काठच्या आमच्या वस्तीवर जाळी सगळ्यांच्याच घरांना आहे. ऊस वाढला तसा उसात बिबट्याही वाढला, आणि जाळी ही चहासाखरेसारखी गरजेची वस्तू झाली. पण सोनबाची गोष्टच वेगळी. भिंती दगडाच्या, दीड हात जाडीच्या, वर पत्रा. उरलेल्या प्रत्येक भोकाला त्यानं जाळी ठोकलेली. खिडकीला आतून बारीक जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली, आणि बाहेरून आणखी एक जाडजूड. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून चिमणीसुद्धा अर्ज केल्याशिवाय आत येऊ शकत नव्हती. वस्तीवर विनोद होता, की वनखातं बिबट्याला पिंजरा लावतं आणि सोनबानं तो स्वतःलाच लावून घेतलाय. हा विनोद सोनबासमोर मात्र कुणी करत नसे.

हाच सोनबा पूर्वी वस्तीतला सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस होता. जात धनगराची. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. सोनबा जमिनीला चिकटला, पण दारात मेंढरं ठेवून होता. प्रत्येक मेंढी तो तोंडावरून ओळखायचा. स्वतःच्या जावयाला मात्र त्यानं एकदा ओतूरच्या एसटी स्टँडवर "पावणं, कुठलं म्हनायचं तुमी?" असं विचारलं होतं. त्यावरून म्हाळसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला वर्षभर तरी सुखानं जेवू दिलं नसेल.

घरात एक रीत होती, बापाची आणि त्याच्याही बापाची. आधी वाडा, मग घर. मेंढरं कोंडून झाल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. पाऊस आला तर आधी वाड्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा, मग पोरांच्या डोक्यावर. ही रीत सोनबाला कुणी शिकवली नव्हती, ती त्याच्या हातापायांतच होती.

दोन हजार तीन साली बिबट्यानं आमच्या बाजूला धुमाकूळ घातला तेव्हा सोनबानं ओतूरहून जाळीचं एक भेंडोळं आणलं. एका भेंडोळ्यात वाडा तरी झाला असता, नाहीतर घराची पडवी. यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. त्यानं वाडा बांधला. पडवीचं पुढच्या बाजाराला बघू म्हणाला.

पुढचा बाजार यायच्या आत त्याची एकुलती एक मुलगी पुष्पा माहेरपणाला आली, बरोबर तिची चार वर्षांची लेक प्राची. दिवस मावळताना पोर अंगणात दगडावर पाय धूत बसली होती. पुष्पा चुलीपाशी होती, सोनबा वाड्याची कडी लावून वळत होता. मेंढरं जाळीआड एकदम ओरडायला लागली. पोर ओरडलीच नाही. सकाळी ती उसात सापडली. मेंढरू एकही गेलं नव्हतं.

पुष्पा सासरी जायला निघाली तेव्हा बापाला एवढंच म्हणाली, "आबा, तुमी मेंढरांला जाळी बांधलीत." पुन्हा या अंगणात पाय ठेवणार नाही अशी तिनं मेलेल्या पोरीची शपथ घेतली, आणि ती गेली ती तिकडं गुजरातेत, गांधीधामला, जिथं तिचा नवरा बंदरावर कामाला होता.

सोनबानं मेंढरं विकली. घराला नवी जाळी लावली आणि वाड्याची काढून तिच्यावरून ठोकली. ती दुहेरी जाळी म्हणजे ही. रोज संध्याकाळी तो प्रत्येक खिळा हातानं हलवून बघायचा. हसणं त्यानं मेंढरांबरोबरच विकलं असावं.

सहा वर्षं अशी गेली, आणि म्हाळसाबाई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपायचं नाही. घरी न्या, जागचं हलवू नका. यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण म्हाळसाबाईला ते कळलं. ती खिडकीलगत खाटेवर पडून एकच म्हणायला लागली, "पुष्पीचं तोंड दाखवा."

समोर, रस्त्यापलीकडं चांगदेव राहतो. त्याच्याकडं टेलिफोन होता आणि टेलिफोनवर इंटरनेटही होतं. कांद्याचे भाव बघायला त्यानं ते घेतलं होतं. भाव तो रोज बघायचा, आणि कांदा मात्र शेजारचे विकतील त्या दिवशी विकायचा. चांगदेवानं पुष्पाला फोन लावला. ती रडली, पण यायला तयार होईना. शेवटी तिच्या नवऱ्यानं तोड काढली. गांधीधामला सायबर कॅफेत कॅमेरा आहे, इकडं एक लॅपटॉप मिळवा, मायलेकींना एकमेकींचं तोंड दिसेल. पुष्पा कबूल झाली. अट एकच घातली. "आईला बघीन. अंगण दिसलं तर मी तशीच उठून जाईन."

ओतूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून सुदर्शन आला. गडी हुशार, पण हुशारी सांगण्यात निम्मा दिवस घालवणारा. त्यानं चांगदेवाच्या घरातून सोनबाच्या घरापर्यंत वायर टाकली. ती दुसऱ्या दिवशी चांगदेवाच्याच शेळीनं खाल्ली. मग बांबू रोवून वायर वरून नेली. तिला उसाच्या ट्रॉलीनं बांबूसकट कारखान्याच्या दिशेनं नेलं. सुदर्शन म्हणाला, "आता वायरच नको. वायरलेस करू."

त्यानं दोन शिंगांची एक पांढरी डबी आणली. तिचं नाव राउटर. चांगदेवानं तिला आधी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग विचारलं, "हवेतनं जातं म्हनतोस, तर वारं सुटल्यावर कसं व्हायचं?"

"काका, वाऱ्याचा काही संबंध नाही."

"तू शेळीचा बी नाय म्हनला व्हतास."

डबीला नाव द्यावं लागतं म्हटल्यावर चांगदेवानं ओझरच्या गणपतीचं दिलं, विघ्नहर. दिवे लागले. सुदर्शन लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन, देवाची पालखी निघावी तसा रस्ता ओलांडून निघाला. रस्त्यावर सिग्नलच्या पाच रेघा, अंगणात चार. सोनबानं दोन कड्या आणि तार सोडून त्याला आत घेतलं, मागं दार लावलं, आणि रेघा गेल्या. एकही उरली नाही.

मग सुदर्शनच्या विद्वत्तेला ऊत आला. पत्र्याचा दोष म्हणाला. भिंतीचा म्हणाला. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर संशय घेतला, ती बंद करायला लावली, आणि दळणाला आलेल्या बायकांकडून त्यानं आयुष्यभर पुरेल एवढं ऐकून घेतलं. राउटर चांगदेवाच्या खिडकीत, मग माळ्यावर, मग आंब्यावर टांगून झाला. आत काही येईना. इकडं म्हाळसाबाईचा श्वास दिवसेंदिवस वर चालला होता.

सुदर्शन तिच्या खाटेपाशी डोकं धरून बसला तेव्हा ती म्हणाली, "नको जिवाला लावून घेऊ, लेकरा. या घरात बाहेरचं काय येतच न्हाई. माझा रेडू बी मुका झालाय."

"कधीपासून, आजी?"

"प्राची गेली तवापासनं. म्हनलं, देवानं त्याचा बी आवाज नेला."

कोनाड्यात खरंच एक रेडिओ होता, सहा वर्षांची धूळ अंगावर घेतलेला. सुदर्शननं त्यात नवे सेल घातले. नुसती खरखर. तो घेऊन सुदर्शन दाराबाहेर अंगणात गेला, आणि रेडिओ पुणे केंद्राची शेतीची माहिती खणखणीत सांगायला लागला. आत आणला, पुन्हा खरखर. सुदर्शननं खिडकीकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच काही न शिकवता हळू बोलला, "बाबा, जाळी अडवतेय. या खिडकीची तेवढी कापावी लागेल. दोन्ही."

"न्हाई," सोनबा म्हणाला.

"लाकडाची चौकट ठोकून देतो."

"दुसरं काय बी काप. पत्रा काढ. भिंत पाड. जाळीला हात लावायचा न्हाई."

चांगदेवानं समजावलं, "सोनबा, म्हातारीचा जीव अडकलाय राव."

"त्यो उसातच हाय अजून. परवा पोखरकराची कालवड नेली. तुमी सकाळी घरी जाल. रातीचं हितं मी हाय."

खाटेवरून म्हाळसाबाई म्हणाली, "अवो, कुनाला राखताय आता?"

सोनबानं खिडकीचा एक खिळा हलवून बघितला.

"मला न्यायला जो येनार हाय, त्यो जाळी बघून माघारी जायचा न्हाई. पन पुष्पी हिथनंच येती म्हनं. तिला तरी आत घ्या."

सोनबा उठला. फळीवरची पक्कड घेतली. सुदर्शननं हात पुढं केला तर त्यानं दिली नाही. बारीक जाळी त्यानं आतून स्वतः कापली, मग बाहेर जाऊन जाडी, म्हणजे वाड्याची. ती कापताना पक्कड सटकत होती. लॅपटॉपवर तीन रेघा उभ्या राहिल्या, आणि कोनाड्यातला रेडिओ कुणी न विचारता कांदा साठवणुकीबद्दल बोलू लागला. तो आधी बंद करावा लागला.

पुष्पाचा नवरा कामावरून सुटणार संध्याकाळी, त्यामुळं वेळ दिवस मावळतीची. लॅपटॉप खाटेवर ठेवला, तेव्हा लक्षात आलं, की म्हाळसाबाईच्या पाठीमागं ती उघडी खिडकी येतेय, आणि खिडकीत सबंध अंगण. तो पाय धुवायचा दगडसुद्धा. खाट फिरवायची सोय नव्हती. म्हातारीला हलवलं की ती कळवळायची. सोनबा बाहेर जाऊन खिडकी झाकून उभा राहिला. रेघा पडल्या.

"बाबा, बाजूला व्हा. तुमच्या अंगातूनही रेघा येत नाहीत," सुदर्शन म्हणाला.

"बाजूला झालो तर अंगन दिसंल."

मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली. कडेला उभं राहून, दोन्ही हात लांब करून ती खिडकीवर धरली. घोंगडीतून रेघा आल्या. जाळीनं अडवलेलं लोकरीनं सोडलं. खिळा शोधायला वेळ नव्हता, पडद्यावर पुष्पा आली होती.

म्हाळसाबाईनं पडद्याला हात लावला. "वाळलीस गं." "तू बी." मग जेवणाचं, औषधाचं, गांधीधामच्या खाऱ्या पाण्याचं, असलं काहीबाही. प्राचीचं नाव दोघींनीही घेतलं नाही. बोलता बोलता पुष्पा थांबली. तिची नजर आईच्या मागं गेली होती. घोंगडीच्या वरच्या कडेला चार बोटं दिसत होती.

"आई, ती घोंगडी कुनी धरलीय?"

"कुनी न्हाई. खिळ्याला लावलीय."

"खिळ्याला नखं असत्यात व्हय?"

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. सोनबाच्या पाठीशी ऊस होता, आणि त्याला ऐकू सगळं येत होतं.

"आई, त्यांना म्हनावं, आत जा. दिवस बुडतोय," पुष्पा म्हणाली, आणि तिकडून तिनं बंद केलं.

त्यानंतर ती पुन्हा पडद्यावर आली नाही. आठवडा संपायच्या आत म्हाळसाबाई गेली. ती कापलेली खिडकी सोनबानं तशीच ठेवली. रोज दिवस मावळला की तो काठी घेऊन तिच्यापाशी बसायचा. जाळी बांधून घे असं चांगदेव सांगायचा, तर म्हणायचा, "पुष्पीला बोलायचं असलं तर?" चांगदेवानंही राउटरचे दिवे कधी विझू दिले नाहीत. कांद्याचे भाव मात्र त्यानं त्या दिवसांत बघितले नाहीत.

दहाव्याला पुष्पा नदीवर आली. विधी उरकल्यावर सगळे वस्तीकडं वळले तेव्हा तीही मागून चालत आली, आणि रस्त्याच्या कडेला, अंगण सुरू होतं तिथं थांबली. सोनबानं तिच्याकडं बघितलं. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं तिच्या पायांपुढं अंगणात अंथरली. म्हणजे शपथही राहील आणि चार पावलं आतही येता येईल, असा त्याचा हिशेब असावा. धनगराकडं याच्यापेक्षा मोठी बैठक नसते.

पुष्पानं घोंगडीकडं बघितलं. मग वाकून तिनं ती उचलली, धूळ झटकली, बापाच्या खांद्यावर टाकली, आणि उघड्या मातीवरून अनवाणी चालत गेली. त्या दगडाजवळून जाताना तिनं मान दुसरीकडं केली. खिडकीपाशी पोचल्यावर म्हणाली, "पक्कड कुठं हाय? आन् तार?"

सोनबा आत गेला. दोघांनी मिळून जाळी बांधली, ती बाहेरून, तो आतून. तिला बांधता येत होतं. लहानपणी वाड्याच्या कुडाला कसा पीळ द्यायचा ते त्यानंच शिकवलं होतं. तो भोकातून तारेचं टोक बाहेर द्यायचा, ती पिळून परत आत सारायची. सुदर्शन रस्त्यावर उभा होता. आता आत काही जाणार नाही, हे त्याला सांगायचं होतं, पण पहिल्यांदाच त्याला गप्प बसायचं सुचलं.

शेवटचा पीळ दिल्यावर पुष्पानं जाळी हलवून बघितली, बाप बघायचा तशी. पिशवी उचलली. जाळीला तोंड लावून सोनबानं विचारलं, "एकटीच जाशील का?"

"हाय अजून दिवस," ती म्हणाली. "तुमी कडी लावा."