मॅक्सीन हॉयलचा अर्ज

मॅक्सीन हॉयल घरमालकांना परवाने मिळवून द्यायची. नुसता परवाना नाही, बरोबर परवाना. हे ती पहिल्याच भेटीत सांगायची आणि बहुतेकांचं तोंड तिथेच वाकडं व्हायचं.

आमच्या हेबलथॉर्प गावातल्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा कामगारांची घरं स्वस्तात विकली गेली. घेणाऱ्यांनी दिवाणखान्यातसुद्धा पलंग टाकले. एका घरात एकमेकांच्या नात्यात नसलेली पाच किंवा जास्त माणसं राहत असतील, तर मालकाला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो. मॅक्सीन एकवीस वर्षं कौन्सिलमध्ये अशी घरं तपासत होती. कपात आली, तिची नोकरी गेली. मग तिने तेच काम टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून सुरू केलं.

टेबल आमच्या कॅफेतलं, खिडकीजवळचं. माझ्याकडे साहित्याची पदवी होती आणि कॅफेचा एप्रन. ती माझ्याकडून पत्रं तपासून घ्यायची. वयात छत्तीस वर्षांचं अंतर होतं, तरी मैत्री झाली.

"सहाही पोरं भावासारखी राहतात गं," एकदा एक मालक म्हणाला.

"छान. मग एकाच आईचे सहा जन्मदाखले आण."

"अगं, मित्र आहेत ते!"

"कायद्याला मैत्री कळत नाही, राजा. ही सहा कुटुंबं झाली. चहा घेतोस?"

आकड्यांत ती कधी खोटं बोलली नाही. तिचा बाप गालिचे बसवायचा. बोटभर चुकलं की अख्खा तुकडा वाया, हे ऐकतच ती वाढली होती.

तिचं स्वतःचं घर नव्हतं. नवऱ्याला, रॉयला, विस्मरणाचा आजार झाला. त्याच्या शुश्रूषागृहाच्या खर्चात घर विकून आलेले सगळे पैसे गेले, मग रॉय गेला. तेव्हापासून ती आल्मा स्ट्रीटवर, नील बूथरॉइडच्या घरात पोटमाळ्यावर राहत होती. खाली पाच भाडेकरू, वर ही. सहा वर्षं. उतरत्या छपराखाली तिला खोलीच्या मध्यावरच सरळ उभं राहता यायचं. झरोक्यातून माळरान दिसायचं, त्यावरच्या मेंढ्याही. भाडं परवडत होतं. रॉयला पुरलं ती स्मशानभूमी बसने तीन थांब्यांवर होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नील कॅफेत आला. हातात कौन्सिलचं पत्र.

"लायसन्स आहे का विचारतायत. तूच कर ना माझं. घरचंच काम."

"सहा वर्षं तुला सांगतेय, नील."

"आता ऐकतोय ना! टोमणे नको मारूस."

रविवारी आम्ही दोघींनी घर मोजलं. मी फीत धरायची, ती आकडा लिहायची. पोटमाळा शेवटी घेतला. एका माणसाच्या झोपायच्या खोलीला सहा पूर्णांक एक्कावन्न शतांश चौरस मीटर जागा लागते. छत दीड मीटरपेक्षा खाली आलं, की त्याखालची जमीन धरायची नाही. मॅक्सीनच्या पलंगाची अर्धी जमीन अशी बाद झाली.

तिने गुणाकार केला. सहा पूर्णांक तेवीस.

"पुन्हा मोज," मी म्हणाले.

तिने मोजलं. तेवढंच आलं.

"सहा पंचावन्न लिही. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना आत्ता."

"मग अर्जच पाठवू नकोस."

ती पलंगावर बसली. "हे बघ, टेस. लायसन्स नाही तोवर नील मला घराबाहेर काढू शकत नाही. त्याने दिलेली नोटीस कोर्टात टिकणारच नाही. अर्ज गेला की त्याचा हात मोकळा. एवढं मला कळतं."

"आणि तूच तो पाठवणार?"

"खाली स्वयंपाकघराला आग अडवणारं दार नाही. अर्ज गेला की त्याला ते बसवावं लागेल. वर पाच जणं झोपतात."

"सहा."

"हो, सहा." मग तिने मला नकाशा दाखवला. खोलीला लागून पाण्याच्या जुन्या टाकीची कोठी होती. मधली भिंत पाडली तर खोली सात चौरस मीटरची होत होती. "खोली सुधारायला मालकाला अठरा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. नील काही वाईट नाही गं. रॉयच्या अंत्यविधीला आला होता."

भिंत पाडायचा नकाशा तिने अर्जाला जोडला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाच आठवड्यांनी नील कॅफेत आला. काखेत बिस्किटांचा डबा, हातात पाकीट. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

"झकास काम केलंस, मॅक्सीन. कौन्सिलवाले खूश आहेत. पाच माणसांचं लायसन्स देतायत." त्याने पाकीट पुढे सरकवलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हं."

तिने वाचलं. दोन महिन्यांत खोली रिकामी करायची होती.

"अठरा महिने मिळतात, नील. भिंतीचा नकाशा दिलाय मी."

"कशाला डोक्याला ताप? दाराचं काम तुझ्यामुळेच अंगावर आलं. आणि खोली नियमात बसत नाही असं तूच लिहिलंस की. मी लिहिलं का?"

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले.

"तू चहा आण, पोरी."

मॅक्सीनने नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. तारखांवरून बोट फिरवलं. "बरोबर भरली आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ती रडेल. तिने डबा उघडला आणि बिस्किटं आजूबाजूच्या टेबलांवर वाटली. त्या दिवशी तिच्याकडे आणखी दोन घरमालक येऊन गेले. दोघांचे अर्ज तिने पूर्ण केले.

दोन महिने आम्ही खोली शोधली. नियमात बसणाऱ्या खोल्यांचं भाडं तिच्या आवाक्याबाहेर होतं. त्यातल्या चार घरांचे परवाने तिनेच काढून दिले होते. एका मालकाने तिला ओळखलं, मिठी मारली आणि आगाऊ सहा महिन्यांचं भाडं मागितलं. कौन्सिलच्या घरांच्या यादीत तिचं नाव घातलं. तिथल्या खिडकीवरचा माणूस तिच्या हाताखाली शिकलेला होता. तिला तो 'मिसेस हॉयल' म्हणाला. चार वर्षं लागतील, म्हणाला.

आता ती कालव्याच्या बाजूला एका जुन्या दुकानाच्या वर राहते. पूर्वी तिथे मोटारींचे टायर मिळायचे. वरच्या मजल्यावर प्लायवुडच्या भिंती घालून नऊ खोल्या केल्या आहेत. जिना एकच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने पलंगावर माझ्यासाठी जागा केली. खुर्ची मावत नव्हती.

मी छताकडे पाहिलं. धूर झाला की वाजणारी घंटा नव्हती.

"मॅक्सीन, याच्याकडे लायसन्स आहे?"

"नाही."

"कौन्सिलला कळव."

"कळवलं तर जागा बंद होईल. नऊ जणं रस्त्यावर. त्यात मी."

"मग मालकाला तरी सांग. अर्ज भरून दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती घरमालकांकडे बघायची, तशी.

"लायसन्स नाही म्हणून तो मला काढू शकत नाही, टेस," ती म्हणाली. "मी नाही भरणार."