माहीत आहे मले

आमच्या मावशीला कोणी "किती छान दिसता हो तुम्ही" म्हटलं, की ती म्हणायची, "माहीत आहे मले." नळ आला असं शेजारणीनं सांगावं आणि आपण "हो, भरून झालं" म्हणावं, त्या सुरात. लाजणं नाही, मुरकणं नाही. वास्तविक अशा वेळी काय बोलायचं हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. "छे हो, कुठलं काय" म्हणायचं. साडी जुनी आहे, रात्री झोप नाही झाली, असं काहीबाही पुढे जोडायचं. मग समोरचीनं "नाही हो, खरंच" म्हणायचं, आपण पुन्हा "छे" म्हणायचं, आणि दोघींनी समाधानानं आपापल्या घरी जायचं. मावशी हा खेळ पहिल्याच डावात संपवून टाकायची. कौतुक करणारी बाई तोंड उघडं ठेवून उभी राहायची आणि शेजारी उभ्या असलेल्या मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं.

नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉटांच्या वसाहतीत, तिला पाठीमागे 'हिरोईन' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही, हा त्यातला सगळ्यात वैताग आणणारा भाग. मी एकदा म्हटलं, "मावशी, ते कौतुकानं नाही म्हणत." तर म्हणाली, "कशानंही म्हणोत. विलन तर नाही म्हणत ना?"

हे तिच्यात आलं कुठून, याचं उत्तर माझ्या आजोबांच्या हातमागाशी आहे. आजोबा उमरेडचे विणकर. नवं लुगडं मागावरून उतरलं की ते मावशीला हाक मारायचे, तिच्या खांद्यावर ते टाकायचे आणि चार पावलं मागे जाऊन बघायचे. काठ कसा पडतो, रंग अंगावर उठतो की बसतो, हे त्यांना तिच्या खांद्यावरच कळायचं. माझी आई तिची सख्खी मोठी बहीण, पण तिला ते कधी हाक मारत नसत. आई अजूनही ते विसरलेली नाही. मावशीला मात्र आपलं रूप ही घरातली एक कामाची वस्तू आहे, मागासारखी, असं तेव्हाच कळून चुकलं. "काठ सरळ आला तर सरळ आला म्हणते माणूस," ती सांगायची. "त्यात लाजायचं काहून? अन् वाकडा आला असता तर तुम्ही सोडलं असतं का मले?"

लग्नानंतर ती इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. मालकानं तिला कशासाठी ठेवलं हे उघड होतं. ती गादीवर उभी राहून पदर खांद्यावर टाकायची आणि समोरची बाई "हीच द्या" म्हणायची. दोन दिवसांनी तीच बाई पिशवी घेऊन परत. "तुमच्यावर दिसली तशी माझ्यावर दिसत नाही." दुसरी कोणी असती तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. मावशी म्हणायची, "दिसणारच नाही. मी तुम्हाले पोपटी घ्या म्हणत होती. तुम्ही माझ्याकडं पाहून डाळिंबी घेतली." मग तीच पोपटी साडी त्या बाईच्या खांद्यावर टाकायची, आजोबांसारखी चार पावलं मागे जायची, आणि म्हणायची, "आता पाहा आरशात." बाई बघायची आणि तिचा राग जायचा. पण रस्त्यात ओळख द्यायची नाही.

लोकांचं मला कधीच कळलं नाही. एखादी बाई मी पुरणपोळी चांगली करते म्हणाली तर तिच्याकडून कृती मागून घेतात. मुलगा हुशार आहे म्हणाली तर पेढे मागतात. पण मी देखणी आहे असं म्हणाली, की अख्ख्या ले-आउटला तिच्या स्वयंपाकाची, तिच्या नवऱ्याची आणि तिच्या चारित्र्याची काळजी लागते. शेजारच्या गावंडेकाकू साखर मागायला यायच्या आणि डोळ्यांनी कोपऱ्यातली जळमटं शोधायच्या. जळमटं सापडत नसत, म्हणून जास्त चिडायच्या. पुरुषांचं तर विचारूच नका. ती गेटातून बाहेर पडेपर्यंत वर्तमानपत्राच्या वरून बघायचं आणि मग घरात जाऊन बायकोला साधेपणाचं महत्त्व सांगायचं. मावसाजी वीज खात्यात होते, मितभाषी माणूस. त्यांना कोणीतरी सहानुभूतीनं विचारलं होतं, "तुम्हाले त्रास नाही होत?" ते म्हणाले, "घर माझं, बायको माझी, अन् दुखून राहिलं तुमचं?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

तिची आणखी एक सवय म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी स्वतःची दृष्ट स्वतःच काढणं. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन ती आरशापुढे बसायची, स्वतःवरून मूठ ओवाळायची आणि ते सगळं तापल्या तव्यावर टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि ठसका नाही लागला तर जबर लागली होती, हे आपल्याकडचं शास्त्र. ठसका नाही लागला की मावशी खूश. "पाहा, किती लोकांनी पाहून घेतलं या आठवड्यात." मी म्हणायचे, "अगं, स्वतःची दृष्ट कोणी स्वतः काढतं का?" तर म्हणे, "आई होती तोवर तिनं काढली. सासूनं काढायची, तर सासूचीच लागत होती."

याच बाईनं माझं एक स्थळ घालवलं. कामठीचे लोक मला पाहायला येणार होते. मुलगा फोटोत मला बरा वाटला होता, फोनवरही नीट बोलला होता, आणि मी मनातल्या मनात घर मांडायला लागले होते. आईनं आदल्या दिवशी मावशीला बजावलं, "उद्या साधी ये वं. जुनी साडी नेस. अन् कोणी काही म्हटलं तर नुसती हस." मावशी खरंच जुनी सुती साडी नेसून आली आणि नेहमीपेक्षा छान दिसली. आईनं कपाळावर हात मारला. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई माझ्याकडे कमी आणि मावशीकडे जास्त बघत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं वय दिसत नाही हो अजिबात." आईनं मागून मावशीला चिमटा काढला. मावशी म्हणाली, "नाही दिसत. माहीत आहे मले." चार दिवसांनी निरोप आला की मुलगी साधी आहे, पण घरातलं वळण ठीक वाटत नाही.

आईनं बहिणीशी अबोला धरला. मी रडले आणि मावशीला तोंडावर म्हटलं, "एकदा छे म्हटलं असतं तर तुझं काय गेलं असतं?" तिनं मला आरशापुढे उभं केलं. म्हणाली, "नाक आजोबांचं आहे, त्याले इलाज नाही. रंगाचं तुझी आई रोज सांगते, तेही खरं नाही, तुले गडद रंग शोभतात. खांदे मात्र माझे आहेत. पदराले पिना लावून लावून झाकून टाकले तू." तिनं पिना काढल्या आणि पदर मोकळा सोडला. "आता ज्या घरात चांगल्याले चांगलं म्हणायची चोरी आहे, तिथं या खांद्यांचं काय झालं असतं?" स्थळ गेल्याचं दुःख होतं ते होतंच, राग तर त्याहून होता. पण जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्यातलं काय चांगलं आहे ते नाव घेऊन सांगितलं होतं. पुढे माझं लग्न नागपुरातच झालं. त्या पाहण्याच्या वेळी मावशीला बोलावलं नव्हतं, पण मी पिना लावल्या नाहीत.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी मावशीच्या तोंडातून चहा ओघळला. आरशात बघते तर चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली, डोळा मिटेना. मावसाजी तिला रामदासपेठेत डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, औषधानं आणि व्यायामानं बरंचसं परत येईल, धीर धरा. ले-आउटनं मात्र लगेच निदान केलं. कोणी म्हणालं, रात्रभर कूलरपुढे झोपली. मे महिन्यात अख्खं नागपूर कूलरपुढे झोपतं, लकवा हिलाच कसा झाला, हे कोणी विचारलं नाही. कारण खरं निदान वेगळंच होतं आणि ते गेटाशी कुजबुजत सांगितलं जात होतं: देवानं दाखवलं.

मग बायकांची रीघ लागली. वर्षानुवर्षं उंबरा न ओलांडलेल्या बाया डबे घेऊन आल्या. कोणी साबुदाण्याची खिचडी, कोणी मुगाचं वरण. त्या मायेनं बोलत होत्या आणि ती माया खोटी नव्हती, म्हणून मला जास्त चीड येत होती. मावशी देखणी असताना ही माया कुठे होती? मावशी डाव्या गालावर पदर ओढून बसायची. दुकान सोडलं होतं. आरशावर टॉवेल टाकलेला. शनिवारी तव्यावर काही पडत नव्हतं.

एका दुपारी गावंडेकाकू तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काही म्हणा, डोळे अजूनही किती सुंदर आहेत तुमचे." मी सवयीनं जीव मुठीत धरून बसले. मावशी खाली बघत म्हणाली, "छे हो. कुठलं काय."

खोलीतल्या सगळ्या बायांचे चेहरे निवले. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझी आई माझ्या कानाशी म्हणाली, "शहाणी झाली बाप्पा एकदाची." मी उठून स्वयंपाकघरात गेले. ज्या एका शब्दासाठी मी अर्धं आयुष्य तिच्यावर वैतागले होते, तो शब्द ऐकून मला जोरात रडू आलं.

डबे हुडकून मी मीठ घेतलं, मोहरी घेतली, मिरच्या घेतल्या. बाहेर आले आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे उभी राहिले. "काय करून राहिली?" ती म्हणाली. "शनिवार आहे," मी म्हटलं. तिनं मान फिरवली, पण उठून गेली नाही. मी मूठ ओवाळायला लागले. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. थोड्या वेळानं ती पुटपुटली, "पदराले लागते तुझी मूठ. नीट ओवाळ." मी आत जाऊन तव्यावर मूठ रिकामी केली. धूर निघाला, बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. सगळ्या बाया नाकाला पदर लावून वाट बघत होत्या. ठसका लागला नाही. मिरच्या मागच्या उन्हाळ्यातल्या, डब्यात सादळलेल्या होत्या, मी काही बोलले नाही.

मावशीनं गालावरचा पदर खाली घेतला. उजव्या अर्ध्या तोंडानं हसली आणि गावंडेकाकूंकडे बघून म्हणाली, "पाहिलं? अजूनही लागून राहिली मले."

चेहरा पुढे बराचसा सावरला, हसताना डावा कोपरा तेवढा मागे राहायचा. ती दुकानातही परत गेली आणि "माहीत आहे मले" पुन्हा सुरू झालं. ओठ नीट न मिटल्यानं सुरुवातीचा 'म' जरा सांडायचा, म्हणून ती ते आधीपेक्षा सावकाश म्हणायची, आणि गिऱ्हाइकांना ते आणखीच उद्धट वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. तिला डाळिंबी साडी नेसवली. ती मीच नेसवली आणि पदराला पिना लावल्या नाहीत. अंगणात सगळं ले-आउट जमलं होतं. गावंडेकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती सुंदर दिसून राहिली हो." कोणी "हो ना" म्हणालं, कोणी म्हणालं, "लाखात एक होती." आता सगळ्यांना अगदी सहज म्हणता येत होतं. आता ती उलट बोलणार नव्हती. बोलणं थांबलं आणि मी सवयीनं तिच्या उत्तराची वाट बघत राहिले. मग मला तिचा, त्यांचा, सगळ्यांचाच इतका संताप आला की राहवेना.

"माहीत होतं तिले," मी म्हटलं.