ज्येष्ठ आहात, नागरिक आहात का?

चार म्हातारी माणसं रोज एका बाकावर बसायला लागली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना तेल तरी चोळता येतं. किस्से कुणाला तरी सांगूनच हलके होतात, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा.

आमचा ज्येष्ठ नागरिक संघ विश्रांतवाडीकडे, बागेला लागून असलेल्या विरंगुळा केंद्रात भरतो. पूर्ण नाव सांगत नाही, अध्यक्ष रागावतील. अध्यक्ष म्हणजे आपटे. कोर्टात शिरस्तेदार होते, आणि आपण रिटायर झालो हे त्यांना अजून कुणी लेखी कळवलेलं नसावं. मी चिटणीस. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो विषय, जो परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा कुणी वाचत नाही. म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात.

आमच्यात एकटीदुकटी माणसं बरीच. म्हणून संघानं एक पद्धत काढली. रोज सकाळी आठला फोनची साखळी. मी आपटेंना फोन करते, आपटे गायकवाडांना, गायकवाड पुढच्याला, असं करत शेवटचा माणूस मला. विचारायचं एकच, "आहात का?" समोरच्यानं म्हणायचं, "आहे." की ठेवून द्यायचा. कुणी उचलला नाही, तर ज्यानं फोन केला त्यानं चपला घालून त्याच्या घरी जायचं.

गायकवाड मूळचे लोणी काळभोरचे, एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, "हाय."

आपटेंनी महिनाभर ऐकून घेतलं आणि मग एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "गायकवाड, उत्तर 'आहे' असं ठरलंय."

"सायेब, 'हाय' म्हणलं तर मेलेला धरता का मला?"

आपटेंनी त्यावर विचार करायला वेळ मागितला.

* * *

शैला आमची सभासद. तिचा नवरा फरहाद, इराणचा. औषधशास्त्र शिकायला पुण्यात आले, वर्गातल्या शैलाशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. इराणी म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तुमचं हॉटेल कुठलं?" ते म्हणतात, "हॉटेल नाही. मीही बिल भरूनच उठतो."

पासपोर्ट मात्र इराणचाच. मी एकदा विचारलं, "अहो, इतकी वर्षं झाली, इथलं नागरिकत्व का नाही घेतलंत?"

म्हणाले, "आई होती तोवर पासपोर्ट सोडवेना. तिला भेटायला व्हिसा मागावा लागला असता. आई गेली, आणि मग सोडावासाच वाटेना."

उगाच विचारलं असं झालं.

तर गेल्या वर्षी त्यांच्या कॅनडातल्या मुलीचं बाळंतपण आलं. दोघांनी तिकडं जायला व्हिसा मागितला. शैलाला मिळाला, फरहादरावांना नाही. ह्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवलेल्या, आणि घरात सहा महिने एकटे राहणार. शैला केंद्रात येऊन आपटेंच्या समोरच उभी राहिली.

"आपटेसाहेब, मी जायच्या आत ह्यांना संघात घ्या, साखळीत घ्या. रोज मला विचारता, आहात का. शेजारी हा माणूस चहा गाळत उभा असतो, त्याला कुणी विचारत नाही."

आपटेंनी कपाटातून संघाची घटना काढली, चष्मा बदलला. "सभासद साठ वर्षांवरील नागरिक असावा. फरहादराव, आपण ज्येष्ठ आहात यात शंका नाही. नागरिक आहात का?"

"नाही."

"मग कसं जमणार?"

"अर्धा बसतो ना मी. ज्येष्ठाचं अर्धं द्या."

"अर्ध्या सभासदत्वाची तरतूद नाही."

"बरं. मग मी पायरीवर बसतो. पायरीला काही अट आहे का?"

आपटेंनी खरोखर पानं उलटून पाहिलं. पायरीबद्दल काही नव्हतं. तेव्हापासून ती पायरी फरहादरावांची.

* * *

मानवी हक्क दिनाला आम्ही एका तरुण वकीलबाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, 'हक्क सर्वांचे'. दारावर आपटेंच्या अक्षरात पाटी, 'प्रवेश फक्त सभासदांसाठी'.

वकीलबाई आल्या, तर पायरीवर फरहादराव. त्यांनी विचारलं, "आपण आत नाही येत?"

"नाही. मी सर्वांमध्ये मोडत नाही."

पोरगी हुशार. आत आली, खुर्ची उचलून दारात नेऊन ठेवली आणि उंबऱ्यावरूनच बोलली. माइकची वायर पुरेना, तर माइकशिवाय बोलली. म्हणाली, मानवी हक्क माणूस म्हणून जन्माला आलात की आले, ते कुणी द्यावे लागत नाहीत. नागरी हक्क देश आपल्या नागरिकांना देतो.

गायकवाडांनी हात वर केला. "मानवी हक्क कुणी मोडला तर दाद कुठं मागायची?"

"बहुतेक वेळा देशाच्याच कोर्टात, नाहीतर आयोगाकडे."

"आन् देशानंच मोडला तर?"

"तरी आधी तिथंच."

"म्हंजी सासूचं गाऱ्हाणं सासूच्याच म्होरं," गायकवाड म्हणाले आणि बसले. पायरीवरून टाळ्या आल्या, एकट्याच्या.

* * *

त्या व्याख्यानानं मला जरा चेव आला. दुसऱ्या दिवशी आपटेंना गाठलं. म्हटलं, "संघाच्या घटनेच्या वर देशाची घटना असते. कलम चौदा बघा, एकवीस बघा. तिथं 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' म्हटलंय. कायद्यापुढं समानता आणि जगण्याचा हक्क, इथं असलेल्या कुठल्याही माणसाला."

आपटे शांतपणे म्हणाले, "आणि एकोणीस?"

मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले.

"एकोणीसमध्ये 'नागरिक' आहे, बाई. बोलण्याचं स्वातंत्र्य नागरिकांना. आणि संघ स्थापन करायचंही नागरिकांनाच. संघ, लक्षात घ्या."

जन्मभर शिकवलेला धडा कुणीतरी खरंच वाचलाय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वाचला तोही नेमका ह्या माणसानं.

पायरीवरून फरहादराव म्हणाले, "म्हणजे मला जगायचा हक्क आहे, पण बोलायचा नाही?"

"लेखी तरी तसंच आहे."

"मग ठीक. हे मला पुण्यातल्या दुकानदारांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

* * *

मध्ये महापालिकेची निवडणूक आली. एक उमेदवार लवाजमा घेऊन केंद्रात आला. पायरीवर पांढऱ्या केसांचा, देखणा माणूस दिसल्यावर त्यानं वाकून पायाला हात लावला. "आशीर्वाद द्या, काका."

फरहादराव प्रामाणिक. म्हणाले, "आशीर्वाद देतो, मत नाही देऊ शकत. मी इथला नागरिक नाही."

उमेदवार वाकला होता तसाच थांबला. मग काहीतरी पडलंय असं दाखवून जमिनीवर बघत बघत सरळ झाला आणि गायकवाडांकडे वळला. गायकवाडांनी पाय मागं घेतले. "आधी त्यांचा नमस्कार पुरा कर, मग हिकडं ये."

केला बिचाऱ्यानं. अख्ख्या वॉर्डात मत नसलेल्या माणसाला मिळालेला तेवढा एकच नमस्कार.

* * *

शेवटी मी घटनादुरुस्तीसाठी सभा बोलवायला लावली. 'नागरिक' हा शब्दच काढायचा. प्रश्न एवढाच, की त्या जागी घालायचं काय?

एक जण म्हणाले, "ज्येष्ठ मानव संघ." दुसरे म्हणाले, "आदिमानवाचे थोरले बंधू वाटतो आपण." मग 'ज्येष्ठ माणूस संघ' आलं. त्यावर बायकांनी विचारलं, आम्ही कुठं बसायचं. मी सांगितलं, माणूस म्हणजे बाईसुद्धा. तर माझ्याच शेजारची म्हणाली, "हे आमच्या घरी येऊन सांगा." 'ज्येष्ठ व्यक्ती संघ' कुणालाच आवडलं नाही, का ते कुणाला सांगता आलं नाही. तासाभरानं 'ज्येष्ठ रहिवासी संघ' यावर गाडी थांबली. सगळ्यांचे हात वर.

आपटे म्हणाले, "ठराव मंजूर. आता हे धर्मादाय आयुक्तांकडे जाईल. तिथून मान्यता येईपर्यंत जुनीच घटना लागू."

"कवा येईल?" गायकवाडांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"तवर रहिवासी संघाचा कैलासवासी संघ हुईल की."

सगळे हसले. शैला हसली नाही. तिचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. मला मात्र आपटेंचा भयंकर राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "कागद माणसासाठी असतात हो."

"बाई, मी आज एकासाठी नियम वाकवला, तर उद्या दुसऱ्याविरुद्ध वाकवणारा अध्यक्ष येईल. तेव्हा काय कराल?"

मी इतिवृत्ताची वही धाडकन मिटली.

* * *

शैला गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बघशील ना गं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपटेंना फोन केला, ते "आहे" म्हणाले, आणि लगेच फरहादरावांना लावला. त्यांच्याकडे अजून लँडलाइन आहे. मोबाइल ते तेहरानच्या बहिणीसाठी मोकळा ठेवतात. तर लँडलाइन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. नऊपर्यंत एंगेजच.

धावत गेले. दार उघडून म्हणाले, "बाई, माझ्याबद्दल पेपरात काही आलंय का? सकाळपासून अख्खा संघ विचारतोय, आहात का म्हणून. दोनदा चहा उतू गेला. 'आहे' म्हणता म्हणता मरायची वेळ आली."

संध्याकाळी मी केंद्रात सगळ्यांना फैलावर घेतलं. गायकवाड म्हणाले, "म्या नियम मोडला न्हाई. म्या 'हाय का' इचारलं. त्ये काय साखळीत धरत न्हाईत."

मग पाळी लावून दिली, रोज एकानं फोन करायचा, गुपचूप. आपटे तिथंच होते. म्हणाले, "मी काहीही ऐकलेलं नाही."

आठवड्याभरानं एकदा पायरीवरून फरहादराव म्हणाले, "तुमच्या फोनांचं ठीक आहे. पण एक राँग नंबर रोज आठच्या आधीच येतो. विचारतो, 'धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस का?' मी म्हणतो, 'नाही, हे घर आहे.' मग विचारतो, 'पण आपण आहात ना?' मी म्हणतो, 'आहे.' 'क्षमस्व,' म्हणतो आणि ठेवून देतो."

"मग त्याला सांगा ना, नंबर चुकतोय म्हणून," मी म्हटलं.

"नको. फार शुद्ध मराठी बोलतो. अशी माणसं हल्ली फोन करत नाहीत."

आपटे तेव्हा कॅरम बोर्डावर पावडर टाकत होते. जरा जास्तच पडली.

* * *

आता शेवटचा.

थंडी अजून सरली नव्हती. सकाळी आठला मी आपटेंना फोन केला, लागलाच नाही. पुन्हा केला, नाही. आपटेही एकटेच राहतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पद्धतीप्रमाणे मी चपला घातल्या आणि निघाले.

त्यांच्या जिन्याच्या शेवटच्या वळणावर पोचले, तर दारात माझ्याआधी फरहादराव उभे. धाप लागलेली, एक हात छातीवर, एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात शैलाची. दुसऱ्या हातानं बेल दाबून धरलेली.

दार उघडलं. आपटे. खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालावर दाढीचा साबण, हातात बंद पडलेला मोबाइल. मी खाली वळणावरच थांबले. दोघांपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

फरहादरावांनी आधी श्वास घेतला. मग म्हणाले, "धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस का?"

"नाही," आपटे म्हणाले. "हे घर आहे."

"पण आपण आहात ना?"

आपटेंनी त्यांच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"हाय," आपटे म्हणाले.