घारापुरीहून परतताना सुकाणू कोणी धरलं?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात येणं, दृष्ट काढणं... असलं काही सुरू झालं की मी खुशाल उठून जाते. तेव्हा "आजीबाईंना भास झाला असेल" म्हणणार असाल तर आधीच सांगते — तेव्हा मी वीस वर्षांची होते, डोळे शाबूत होते आणि होडीत मी एकटी नव्हते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन पनवेलला आले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभरात स्वयंपाकघर, विहीर आणि देऊळ यापलीकडे मी काही बघितलं नव्हतं. माघातल्या एका रविवारी ह्यांनी घारापुरीची लेणी बघायची ट्रिप ठरवली. हे, मी आणि सासूबाई. गव्हाणहून ह्यांच्या ओळखीच्या पांडू तांडेलांची शिडाची होडी. आणि नेमकी त्याच पहाटे मला पाळी आली.

आमच्या घरात पाळी आली की तीन दिवस मागच्या खोलीत बाजूला बसायचं. ताट-तांब्या वेगळा, कशाला शिवायचं नाही. बोलले असते तर माझी ट्रिप तिथेच संपली असती, म्हणून गप्प बसले. त्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आताही नाही.

लेणी डोळे भरून बघितली. वारा सकाळपासून होताच, पण दुपारी परत निघालो तेव्हा पदर सांभाळू की डोळे, कळेना. बेटापासून जरा लांब आलो आणि शीड टरकन फाटलं. वारा आम्हाला परत खडकांकडे लोटायला लागला. हे कडेला वाकून ओकत होते. तांडेल शीड उतरवता उतरवता ओरडले, "होरीत कोन इटाळशी बाय हाय का? असंल तर सांगा, लपवू नका."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मी आहे," मी म्हटलं.

"खाली बसा बाय. कशाला हात लावू नका."

"सगळ्यांना बुडवलंस," सासूबाई म्हणाल्या.

मला भीतीपेक्षा राग जास्त आला. तांडेल फाटक्या शिडात गुंतलेले, मागे सुकाणूचा दांडा मोकळा आपटतोय, होडी लाटांना आडवी होतेय... आणि मी हात बांधून बसायचं? बुडायचंच असेल तर अशी बसून नाही बुडणार. उठले आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

तो माझ्या ताकदीने वळतच नव्हता. तो आपणहून वळत होता — हिसक्याने नाही, शांतपणे. कोणी जाणतं माणूस माझ्या हातांवर हात ठेवून वळवतंय असं वाटलं. होडीने वाऱ्याकडे तोंड केलं आणि शीड नसताना, वल्हं नसताना, चालायला लागली.

"सुकान सोरा बाय," तांडेल म्हणाले.

सोडलं. दोन्ही हात वर करून दाखवले. दांडा तसाच राहिला, जागचा हलला नाही.  गव्हाणपर्यंत तांडेल हात जोडून उभे होते, सासूबाई दांड्याकडे टक लावून बसल्या होत्या. होडी किनाऱ्याच्या चिखलाला लागली तेव्हा कुठे तो एका बाजूला कलंडला.

माझा इंजिनिअर भाचा म्हणतो, "मावशी, करंट असेल." अरे बाबा, ओहोटी चालू होती. ओहोटीचं पाणी बाहेर समुद्राकडे ओढतं, आम्ही आत खाडीत आलो.

सासूबाईंनी मात्र आळीभर सांगितलं की सुनेच्या विटाळाने वारा उठला आणि देवाच्या कृपेने वाचलो. वारा तेवढा माझा, हे बरं आहे. दांड्याबद्दल त्या अवाक्षर काढत नव्हत्या. मी विषय काढला की म्हणायच्या, "भास झाला तुला."

पुढच्या महिन्यात पाळी आली तेव्हा मी मागच्या खोलीत गेले नाही. चहा केला, कप सासूबाईंपुढे ठेवला आणि सरळ सांगितलं, "मला पाळी आली आहे. प्यायचा तर प्या, नाहीतर ओतून टाका." याच कारणावरून मला कायमचं माहेरी धाडू शकतात, हे मला ठाऊक होतं.

 त्यांनी कप उचलला.

"मीही बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "तू हात सोडलेस, तरी दांडा हलला नाही."

त्यानंतर आमच्या घरात कोणी बाजूला बसलं नाही. सुकाणू कोणाच्या हातात होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण ज्याच्या कोणाच्या हातात होतं, त्याला माझा विटाळ झाला नाही.